हिशेब मागणे हेही देश जोडण्याचेच काम

२०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्राचे सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी आपल्याच सरकारविरुद्ध जाहीर तक्रार केली. त्यांच्या खात्याचे ४१० कोटी रुपये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेकडे वळवण्यात आले होते. आदिवासी विकास विभागाचेही सुमारे ३३५ कोटी त्याच वाटेने गेले. खात्याची गरजच नसेल तर ते बंद करून टाका, अशा सुरात मंत्री बोलले. दोन-चार दिवस बातमी चालली, चॅनेलवाल्यांनी महायुतीत कुरबुर असल्याचे सांगितले आणि विषय मागे पडला. पैसा कोणाचा होता, तो कशासाठी राखून ठेवला होता आणि तो गेल्याने कोणाचे काय अडले, ही चर्चा झालीच नाही.

त्याच्या दोन वर्षे आधी कर्नाटकातही हेच झाले होते. तिथल्या सरकारने २०२३-२४ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनेतले सुमारे ११ हजार कोटी रुपये आपल्या ‘गॅरंटी’ योजनांसाठी वापरायचे ठरवले. महाराष्ट्रात भाजप आणि मित्रपक्षांचे सरकार, कर्नाटकात काँग्रेसचे. एरवी हे पक्ष एकमेकांची सावली सहन करत नाहीत. पण तिजोरीत चणचण भासली की पहिला हात कोणाच्या पेटीत घालायचा, याबद्दल त्यांच्यात मतभेद दिसत नाहीत. बेळगाव, हैदराबाद, इंदूर, भिलाई, सुरत, दिल्ली, जिथे जिथे हा स्तंभ वाचणारे मराठी लोक राहतात, तिथे प्रत्येकाने आपल्या राज्याचा अर्थसंकल्प उघडून हे तपासण्यासारखे आहे.

या लेखाचा विषय ती एक योजना नाही. आपण निवडून दिलेल्या माणसांना जाब कोणी, कसा आणि कशाच्या आधारावर विचारायचा, हा विषय आहे. घरात पहिल्यांदा पदवी मिळवलेल्या आपल्यासारख्यांवर त्यातले कोणते काम येऊन पडते, हेही त्यासोबत पाहायचे आहे.

पैसा कोणाचा

आधी हा पैसा समजून घेऊ. पाचव्या पंचवार्षिक योजनेत, १९७४-७५ पासून, आदिवासी उपयोजना सुरू झाली. १९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आली, तिलाच पुढे अनुसूचित जाती उपयोजना म्हणू लागले. तत्त्व साधे होते. लोकसंख्येत ज्यांचा जेवढा वाटा, तेवढा वाटा विकासाच्या खर्चात त्यांच्यासाठी वेगळा काढायचा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जाती १६.६ टक्के आणि अनुसूचित जमाती ८.६ टक्के आहेत. महाराष्ट्रात हे प्रमाण अनुक्रमे ११.८ आणि ९.४ टक्क्यांच्या आसपास आहे.

हा पैसा वेगळा का काढावा लागला? सर्वसाधारण योजनांचे पाणी गावभर फिरून वस्तीच्या तोंडाशी येईपर्यंत आटते, हा अनुभव स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवीस वर्षांत पदोपदी आला. रस्ता गावात होतो, वस्तीत होत नाही. नळ चावडीपर्यंत येतो, वस्तीपर्यंत येत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी वेगळी पेटी केली. वसतिगृह, शिष्यवृत्ती, निवासी शाळा, जमीन, घरकुल, पाणी यांसाठी ती होती.

निधी वळवण्याबाबत सरकारची बाजू अशी की लाडकी बहीण योजनेचा लाभ अनुसूचित जाती-जमातींतल्या महिलांनाही मिळतो, म्हणून त्यांच्या वाट्याची रक्कम त्या विभागांच्या निधीतून दिली. ऐकायला ठीक वाटते. पण जी योजना सर्व जातींच्या बायकांसाठी आहे, ती सर्वांच्या तिजोरीतून चालायला हवी. बाकीच्या बहिणींचे पैसे राज्याच्या सामायिक तिजोरीतून आणि दलित-आदिवासी बहिणींचे पैसे त्यांच्याच मुलांच्या वसतिगृहाच्या पेटीतून, हा कुठला न्याय? आईच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये जमा होतात आणि त्याच घरातल्या मुलाची शिष्यवृत्ती वर्षभर लटकते, असे झाले तर त्या घराला सरकारने नेमके काय दिले?

इथे एक सावधगिरी हवी. हा प्रश्न विचारणाऱ्याला ‘तुम्ही बहिणींच्या पैशावर उठलात’ असे म्हटले जाते. त्या बहिणी आपल्याच घरातल्या आहेत. त्यांचे १५०० रुपये थांबावेत असे कोणी म्हणत नाही. ते सर्वसाधारण निधीतून द्या, एवढेच म्हणणे आहे. एका गरजूला दुसऱ्या गरजूसमोर उभे करून तिसऱ्याने सुटून जायचे, ही युक्ती आपल्या समाजांना नवी नाही.

ज्यांनी विचारायला हवे होते ते

महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. कर्नाटकात २२४ पैकी ३६ आणि १५. लोकसभेत ८४ आणि ४७. ही संख्या थोडी नाही. महाराष्ट्रातले ५४ आमदार पक्ष बाजूला ठेवून एका दिवसासाठी जरी उभे राहिले असते, तर निधी वळवणाऱ्यांना दोनदा विचार करावा लागला असता. मग हा आवाज एवढा क्षीण का असतो?

याचे एक उत्तर १९३२ मध्ये आहे. जातीय निवाड्याने दिलेले स्वतंत्र मतदारसंघ गांधीजींच्या उपोषणाच्या दबावाखाली सोडून द्यावे लागले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण निवडणूक संयुक्त मतदारसंघातून होणार हे पक्के झाले. उमेदवार आपला, मतदार सगळे. बहुतेक राखीव मतदारसंघांत दलित मतदार अल्पसंख्य आहेत. त्यामुळे तिकीट देणारा पक्ष आणि बहुसंख्य मतदार यांना जो खपेल तोच निवडून येण्याची शक्यता जास्त. खुद्द बाबासाहेब १९५२ मध्ये मुंबईतून आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यातून हरले, हे विसरता येत नाही. संविधानाच्या कलम ३३४ नुसार या राखीव जागांची सध्याची मुदत जानेवारी २०३० पर्यंत आहे. त्या वेळी मुदतवाढीची चर्चा होईलच. त्याआधी या जागांचा आपल्याला किती उपयोग झाला, हे विरोधकांनी विचारण्यापेक्षा आपण विचारलेले बरे.

रचनेतला दोष खरा आहे. पण तो सांगून प्रतिनिधीची सुटका होत नाही. पक्षाची शिस्त मतदानाच्या वेळी आडवी येते, प्रश्न विचारताना येत नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना ही आयुधे सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाकांवरच्या आमदारांकडे असतात. विधिमंडळाच्या कामकाजाची नोंद होते. आपल्या आमदाराने पाच वर्षांत वसतिगृहावर, शिष्यवृत्तीवर, उपयोजनेच्या निधीवर किती प्रश्न विचारले, हे शोधून काढता येते. जयंतीच्या बॅनरवर त्याचा फोटो किती मोठा होता, यापेक्षा ही नोंद महत्त्वाची.

‘आपल्याच माणसाला कशाला विचारता?’

इथे आपल्यातलाच एक आक्षेप येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. आक्षेप असा: आधीच आपले नेते थोडे. माध्यमे त्यांच्यावर टपलेली. सवर्ण नेत्याचा भ्रष्टाचार त्याचा एकट्याचा ठरतो, आपल्या नेत्याची चूक सगळ्या जातीच्या माथी मारली जाते. अशा वेळी आपणच चारचौघांत त्याला जाब विचारला तर फायदा कोणाचा?

या म्हणण्यात तथ्य आहे. दलित आणि बहुजन नेत्यांना वेगळे माप लावले जाते हे आपण रोज पाहतो. पण म्हणून प्रश्न विचारणेच सोडले तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. नेता समाजाच्या नावाने वाटाघाटी करतो, मिळालेले पद त्याच्या घरी राहते आणि समाजाच्या वाट्याला मिरवणूक येते. प्रश्न विचारणारा फितूर ठरतो. पुढच्या निवडणुकीत तोच नेता वेगळ्या झेंड्याखाली उभा असतो आणि कार्यकर्ते मात्र जुन्या झेंड्यासाठी एकमेकांची डोकी फोडून बसलेले असतात.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी नेमका हाच धोका सांगितला होता. कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका, असे त्यांनी बजावले. धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांचे म्हणणे होते. हा इशारा त्यांनी कोणत्या एका पक्षासाठी किंवा जातीसाठी दिला नव्हता. आपण तो प्रतिपक्षाला ऐकवतो, तेव्हा आपल्या बाजूलाही तो लागू आहे याची आठवण ठेवावी लागेल.

मग वेगळ्या मापाचे काय? त्यावर उपाय आहे. सगळ्यांना एकच माप लावा. आपल्या मतदारसंघातल्या राखीव आमदाराला जे पाच प्रश्न लेखी विचाराल, तेच पाच प्रश्न शेजारच्या खुल्या मतदारसंघातल्या आमदारालाही विचारा. त्याच्या मतदारसंघातही वस्ती आहे, तिथली मतेही त्याने घेतली आहेत. दलितांचे प्रश्न फक्त राखीव जागेवरच्या माणसाने मांडायचे आणि उरलेल्या आमदारांनी त्यातून मोकळे व्हायचे, ही सोय आपणच का करून द्यावी?

महाडने शिकवलेली रीत

जाब विचारण्याची परंपरा आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी व्हाइसरॉयच्या स्वागतावर सार्वजनिक पैसा उधळायला विरोध केला आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवण्याचा आग्रह धरला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी सरकारलाच विचारले की महसूल रयतेच्या घामातून येतो, मग शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर का होतो. अर्थसंकल्पाचे जातीच्या अंगाने केलेले हे वाचन होते, आणि ते १४० वर्षांपूर्वीचे आहे.

महाडचा सत्याग्रह आपण पाण्याचा आणि माणुसकीचा लढा म्हणून ओळखतो. तो अंमलबजावणीचाही लढा होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा, म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा, ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर काम झाले होते. तीन वर्षे तळ्याचे पाणी कोणाला मिळाले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेनंतर हजारो माणसे तळ्याकडे चालत गेली, ती सरकारने आणि नगरपालिकेने आधीच मान्य केलेला हक्क वापरायला.

पुढचे प्रसंग तितकेच शिकवणारे आहेत. सत्याग्रहींवर हल्ला झाला. तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम पुढे आला. मग सुरू झाला कागदांचा, साक्षींचा आणि अपिलांचा लढा. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. एका दिवसाच्या मोर्चामागे दहा वर्षांचा पाठपुरावा उभा होता. आपण २० मार्च लक्षात ठेवतो, त्या दहा वर्षांचा विसर पडतो.

आणखी एक गोष्ट. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही माणसे अस्पृश्य नव्हती. त्यांनी या लढ्यात साथ दिली. नेतृत्व बाबासाहेबांचे, पुढाकार रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचा आणि मागणी हक्काची. या अटींवर जे आले ते सोबती झाले. ऐक्य कोणत्या पायावर उभे राहते, याचे हे उदाहरण आहे.

कागद हातात घ्या

मोर्चा, धरणे, सभा यांचे महत्त्व आहेच. पण पदवीधर म्हणून आपल्याकडे एक जास्तीची गोष्ट आहे. आपल्याला सरकारी कागद वाचता येतो. आपल्या आई-बापांना अंगठा उमटवण्यापूर्वी कागदावर काय लिहिले आहे हे विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला आहे.

राजस्थानात मजूर-किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये गावोगाव जनसुनावण्या सुरू केल्या. केले काय? हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचून दाखवली. न केलेल्या कामाची मजुरी, न आलेल्या मालाची बिले, सगळे लोकांच्या कानावर पडले आणि लोकांनीच ते खोटे असल्याचे सांगितले. त्या चळवळीतून आणि देशभरच्या प्रयत्नांतून १२ ऑक्टोबर २००५ रोजी माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला. केंद्राच्या आणि अनेक राज्यांच्या नियमांत अर्जाची फी १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना ती माफ आहे. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. नाही मिळाले तर पहिले अपील, मग माहिती आयोगाकडे दुसरे.

कोणती माहिती मागायची? चार ठिकाणांपासून सुरुवात करता येईल.

पहिले, शिष्यवृत्ती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाच्या प्रयत्नांचे ते फळ. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांत ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला, केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. आपल्या जिल्ह्यात कोणत्या वर्षाचे किती अर्ज प्रलंबित आहेत, राज्याचा हिस्सा कोणत्या तारखेला जमा झाला, शिष्यवृत्ती आली नाही म्हणून निकाल किंवा दाखला अडवणाऱ्या महाविद्यालयांवर काय कारवाई झाली, हे समाजकल्याण कार्यालयाला विचारता येते.

दुसरे, अत्याचार प्रतिबंधक कायदा. १९९५ च्या नियमांतल्या नियम १६ नुसार राज्यस्तरीय दक्षता व संनियंत्रण समितीचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री असतात आणि तिची बैठक वर्षातून किमान दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, व्हायला हवी. नियम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते, तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते. जिल्ह्यातले खासदार आणि आमदार या समितीचे सदस्य असतात. गेल्या तीन वर्षांत किती बैठका झाल्या, कोणता लोकप्रतिनिधी किती बैठकांना हजर होता, हे इतिवृत्तातून कळते. ती हजेरी गावातल्या फलकावर लावा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरे, खासदार निधी. प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. त्यातली १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या वस्तीच्या भागात आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या भागात खर्चावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे वर्षाला ७५ लाख, पाच वर्षांत पावणेचार कोटी. आपल्या खासदाराने कोणत्या वस्त्यांत कोणती कामे सुचवली, याची यादी मागा आणि ती कामे प्रत्यक्ष जाऊन पाहा. समाजमंदिराचे काम कागदावर पुरे आणि जागेवर जोत्यापर्यंतच असेल, तर फोटो काढा.

चौथे, ग्रामपंचायत. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. शहरात नोकरी करणाऱ्याला गावच्या ग्रामसभेला जाणे जमत नाही हे खरे. पण वस्तीतल्या दोन मुलींना, दोन मुलांना हा हिशेब कसा वाचायचा हे फोनवर शिकवणे जमण्यासारखे आहे.

हे सगळे सोपे आहे असा आव कोणी आणू नये. माहिती मागणाऱ्या माणसांवर या देशात हल्ले झाले आहेत, काहींचे जीव गेले आहेत. गावात एकटे दलित कुटुंब सरपंचाविरुद्ध अर्ज करते तेव्हा त्याचे पाणी, काम, उधारी सगळे पणाला लागते. म्हणून अर्ज एकट्याने करू नका. कायद्यात अर्ज नागरिकाच्या नावानेच करावा लागतो, पण एकच प्रश्न दहा नागरिकांना दहा अर्जांत विचारायला बंदी नाही. दहा गावांतून एकच अर्ज गेला की कोणा एकावर राग काढता येत नाही. जे शहरात सुरक्षित आहेत त्यांनी आपल्या नावाने अर्ज करावा, गावातल्याला पुढे करू नये. सरकारी नोकरीत असलेल्यालाही नागरिक म्हणून माहिती मागण्याचा अधिकार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमात बदल करून नकाराची वाट रुंद केली आहे, म्हणून नावे मागण्याआधी रकमा, तारखा, बैठका आणि कामे मागा. तिथे नकार देणे अवघड जाते.

मग देशाच्या एकतेचे काय?

‘असे प्रश्न विचारल्याने समाजात फूट पडते, देश कमकुवत होतो’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. वसतिगृहातल्या निकृष्ट जेवणाविरुद्ध बोलणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते ऐकवले जाते. एकता म्हणजे गप्प बसणे, असा अर्थ यात गृहीत धरलेला असतो.

संविधानाच्या उद्देशिकेत एकतेचा शब्द बंधुतेच्या सोबत येतो. बंधुतेचा उल्लेख नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात नव्हता. फेब्रुवारी १९४८ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने तो जाणीवपूर्वक घातला. आणि त्या बंधुतेने दोन गोष्टींची हमी द्यायची आहे: आधी व्यक्तीची प्रतिष्ठा, मग राष्ट्राची एकता. ज्या देशात गटारात उतरून माणसे मरतात आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख अशी रक्कम न्यायालयाला ठरवून द्यावी लागते, तिथे एकतेच्या घोषणेआधी प्रतिष्ठेचा हिशेब द्यावा लागेल. २५ नोव्हेंबर १९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटले. जात माणसामाणसांत अंतर आणि मत्सर निर्माण करते, म्हणून ती राष्ट्र घडू देत नाही. फूट पाडण्याचे काम जात करते आहे. ती दाखवून देणाऱ्यावर फुटीचा आरोप ठेवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

हे आपल्या आतही पाहावे लागेल. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. तेव्हापासून बौद्ध, मातंग, चर्मकार, वाल्मिकी समाजांतले कार्यकर्ते एकमेकांवर तुटून पडलेले दिसतात. या प्रश्नावर मतभेद असणारच, ते मोकळेपणाने मांडायलाही हवेत. पण उपवर्गीकरण हवे म्हणणारा आणि नको म्हणणारा, दोघांचीही मुले त्याच वसतिगृहात राहतात आणि त्याच शिष्यवृत्तीची वाट पाहतात. वाटणीवरून आपण भांडत असताना पेटीच रिकामी होत असेल, तर भांडणाला अर्थ काय राहिला? उपयोजनेचा हिशेब मागताना दोन्ही बाजूंची माणसे एका अर्जावर सही करू शकतात. भटके-विमुक्त, आदिवासी, ओबीसी, मुस्लिम पसमांदा यांच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहेही अशीच रखडतात. त्यांनाही सोबत घेता येते. उपकार म्हणून कोणी कोणाला घेऊ नये, मागणी सारखी आहे म्हणून घ्यावे.

हे होऊ शकते याचा दाखला कर्नाटकातच आहे. २०१३ मध्ये आंध्र प्रदेशाने आणि त्याच वर्षी कर्नाटकाने उपयोजनेचा कायदा केला. कर्नाटकाच्या कायद्यातल्या ७(ड) कलमातून पैसा इतर कामांकडे वळवण्याची पळवाट होती. दलित संघटना त्याविरुद्ध वर्षानुवर्षे बोलत राहिल्या आणि २०२३ मध्ये ते कलम काढून टाकावे लागले. तरीही त्याच वर्षी गॅरंटी योजनांसाठी निधी वापरला गेला, हेही खरे. कायदा झाला की काम संपत नाही. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा ही मागणी जुनी आहे, ती लावून धरायला हवी. पण कायदा होईपर्यंत थांबायचे कारण नाही आणि झाल्यावर झोपायचेही नाही.

मत देणे हा आपला हक्क आहे, तो आपण वापरतो. दोन मतदानांमधली पाच वर्षे मात्र आपण नेत्यांना आंदण देतो. ती परत घ्यावी लागतील. वस्तीत पाच पदवीधर असतील तर एकाने शिष्यवृत्ती, एकाने दक्षता समिती, एकाने खासदार निधी, एकाने ग्रामपंचायत आणि एकाने राज्याचा अर्थसंकल्प वाटून घ्यावा. सहा महिन्यांनी जयंतीच्या किंवा महापरिनिर्वाण दिनाच्या सभेत भाषणांआधी अर्धा तास तो हिशेब सगळ्यांसमोर वाचावा. आमदार-खासदारांना त्या सभेचे निमंत्रण जरूर द्यावे, सत्कारासाठी मात्र नको. त्यांच्यासाठी खुर्ची समोरच्या रांगेत ठेवावी आणि उत्तरासाठी माइक द्यावा.